जवळच्या भाजीचा हिशेब

विज्ञानविषयक पानांवर एक आलेख वारंवार फिरत असतो. जोसेफ पूर आणि टॉमस नेमेचेक यांनी २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावरून तो काढलेला आहे. ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांच्या माहितीवर आधारलेल्या या अभ्यासानुसार अन्नव्यवस्थेतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे. आलेखाखालची टिप्पणीही ठरलेली असते : काय खाता हे महत्त्वाचे, ते कुठून आले हे नव्हे, ‘स्थानिक अन्न’ ही शहरी मंडळींची भाबडी समजूत आहे. माझ्या ओळखीतले कितीतरी संशोधक विद्यार्थी हा आलेख हाती लागल्यापासून जवळच्या भाजीबाजाराबद्दल बोलणाऱ्यांकडे काहीशा कीव भरल्या नजरेने पाहू लागले आहेत.

आलेख खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे, आणि तो का घाईचा आहे हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी कळायला हवे.

आधी आलेखाच्या बाजूने बोलते. मी चेन्नईच्या उत्तरेस गुम्मिडिपूंडी येथे राहते. उपनगरी रेल्वेच्या उत्तर मार्गावरचे हे गाव चेन्नई सेंट्रलपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, आंध्रच्या सीमेलगत आहे. येथील किराणा दुकानात नाशिकचा कांदा मिळतो. एका मालमोटारीत १६ टन कांदा भरला, ती लिटरमागे ४ किलोमीटर चालली आणि नाशिकहून येथवरचे अंतर १,३०० किलोमीटर धरले, तर ३२५ लिटर डिझेल लागेल. लिटरमागे २.७ किलो या हिशेबाने सुमारे ८८० किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे किलोभर कांद्यामागे ५५ ग्रॅम. आता मी अडीच किलोमीटरवरच्या बाजारात स्कूटरने जाऊन दोन किलो भाजी घेऊन आले, तर जाण्यायेण्यात १०० मिलिलिटर पेट्रोल जळते. त्यातून २३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे किलोमागे ११५ ग्रॅम. मालमोटार नाशिकला रिकामी परतली असे धरले तरी माझी स्कूटरच पुढे! आणि ज्या भाताबरोबर तो कांदा खायचा, त्या तांदळाच्या किलोमागे, शेतातून निघणारा मिथेन धरून, जागतिक सरासरीने सुमारे चार किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. तेव्हा जवळचा कांदा घेऊन आपण पृथ्वी वाचवत आहोत अशी कुणाची समजूत असेल, तर ती सोडलेली बरी.

एक पुरवणी जोडायला हवी. २०२२ साली ‘नेचर फूड’मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच वाटा १९ टक्क्यांपर्यंत जातो असे दाखवले. त्यांनी अन्नाबरोबरच खते, इंधन, यंत्रे यांची शेतापर्यंतची वाहतूकही हिशेबात धरली होती. दोन्ही गट आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. उष्मागतिकीच्या पहिल्या धड्यात आपण शिकतो की आधी प्रणालीची सीमा आखावी, मग ऊर्जा मोजावी. सीमा न सांगता फिरवलेली टक्केवारी ही अर्धी टक्केवारी असते.

तरीही मी सहा टक्केच मान्य करून पुढे जाते, कारण माझा मुद्दा वेगळा आहे. स्थानिक अन्नाचा खरा लाभ किलोमीटर आणि कार्बन यांच्या कोष्टकात बसतच नाही. तो वेळात आहे, आणि त्याहून अधिक पाण्यात आहे.

वेळ म्हणजे काय ते पालेभाजीवरून चटकन ध्यानात येते. कापलेली भाजी मृत नसते. ती श्वसन करीत असते, साठवलेली साखर जाळत असते. २० अंश सेल्सिअसला किलोभर पालक तासाला दोनशेहून अधिक मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. शून्य अंशाजवळ हाच वेग दहाव्या हिश्शावर येतो. या श्वसनातून उष्णता निघते. उष्णता बाहेर जाऊ दिली नाही तर जुडीचे तापमान तासाला साधारण अर्ध्या अंशाने वाढेल असे गणित निघते. तापमान वाढले की श्वसन वाढते, श्वसन वाढले की उष्णता वाढते. गच्च बांधलेल्या मेथीच्या गठ्ठ्यात हात घातला असता आत जी ऊब लागते, ती हीच. दुसरीकडे हवा भाजीतले पाणी ओढत असते. दुपारी ३५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर हवेची बाष्पदाबाची तूट सुमारे २.२५ किलोपास्कल असते. पहाटे २६ अंश आणि ८५ टक्के असताना ती अर्ध्या किलोपास्कलवर येते. म्हणजे सावलीत ठेवलेली भाजीदेखील दुपारी पहाटेच्या चौपट-साडेचौपट वेगाने सुकते. चारपाच टक्के वजन घटले की पाने माना टाकतात आणि भाजी विकण्याजोगी राहत नाही. पालकातले क जीवनसत्त्वही सामान्य तापमानाला काही दिवसांतच मोठ्या प्रमाणावर घटते.

यावर एक उपाय शीतसाखळीचा आहे, आणि तो उत्तमच आहे. (गोठवलेला वाटाणा हा चार दिवस उन्हातान्हात फिरलेल्या तथाकथित ताज्या वाटाण्यापेक्षा पुष्कळदा सरस असतो, हे सांगितले की आमच्या घरातील वडीलधारी मंडळी नाराज होतात.) परंतु आपल्याकडे बहुतांश पालेभाजी बर्फाविना, ताडपत्रीखाली प्रवास करते. तिच्यासाठी दुसरा उपाय एकच, तास कमी करणे. गुम्मिडिपूंडी स्थानकाबाहेर सकाळी ‘मुळैकीरै’ विकणाऱ्या बाया बसतात. ही भाजी म्हणजे आपल्या माठ-तांदळजाची बहीण. “अक्का, कधी काढली?” या प्रश्नाला “आज पहाटे” असे उत्तर मिळते. ते खरे की खोटे हे पानाला हात लावताच कळते. पहाटेची भाजी आणि सकाळचे गिऱ्हाईक यांच्यामध्ये जे चार तास असतात, तेच तिचे शीतगृह.

कांद्याची गोष्ट निराळी. तो वाळवून, चाळीत साठवून, महिनोन्महिने टिकतो. घाईचा शत्रू नव्हे. म्हणून नाशिकचा कांदा येथे येण्यात मला काही गैर दिसत नाही, तसेच कोकणातल्या माणसाने पंजाबचा गहू खाण्यातही नाही. ज्या पदार्थात पाणी कमी आणि टिकाऊपणा अधिक, त्याने खुशाल देश पालथा घालावा. जो पदार्थ पाण्याने भरलेला आणि अल्पायुषी, त्याने जवळच राहावे. ‘स्थानिक’ या शब्दाची याहून चांगली व्याख्या मला सुचलेली नाही.

टोमॅटो या दोहोंच्या मधोमध येतो आणि म्हणून सर्वांत अधिक छळतो. चेन्नईला तो मुख्यतः मदनपल्ली आणि कोलार भागातून येतो. लुधियानाच्या ‘सिफेट’ या कृषी अभियांत्रिकी संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत टोमॅटोची काढणीपश्चात हानी १२.४४ टक्के आढळली. पेरूची तर १५.८८ टक्के. आठ टोमॅटोंपैकी एक वाटेत गेला, तर त्याला लागलेले पाणी, खत आणि मजुरीही गेली. सहा टक्क्यांच्या आलेखात वाहतुकीच्या रकान्यात फक्त इंधन दिसते. वाटेत नासलेल्या मालाचा भार इतर रकान्यांत विखुरला जातो.

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचा भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला आणि तमिळनाडू सरकारला चेन्नईतील शिधावाटप दुकानांतून तो ६० रुपयांना विकावा लागला. थोड्याच आठवड्यांनी भाव असे कोसळले की महाराष्ट्रात शेतकरी माल रस्त्यावर ओतत होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासानुसार ग्राहकाने टोमॅटोसाठी दिलेल्या रुपयातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याकडे पोचतात. कांद्यात ३६, बटाट्यात ३७. उरलेले सगळे पैसे दलाल खातात असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हमाली, वाहतूक, नासाडी, व्याज, जोखीम हे सारे त्यात आहे. परंतु अंतर आणि तास कमी झाले की यातले निम्मे खर्च आपोआप आटतात, हेही तितकेच खरे. तमिळनाडूने १९९९ साली मदुरै येथे पहिली ‘उळवर संदै’, म्हणजे शेतकऱ्यांची बाजारपेठ, सुरू केली ती याच तर्कावर : ओळखपत्र असलेला शेतकरी थेट विकेल, भाव घाऊकपेक्षा अधिक आणि किरकोळीपेक्षा कमी राहील. त्याच वर्षी आंध्रात ‘रैतु बाजार’ आले. पंजाबात ‘अपनी मंडी’ त्याआधीच, १९८७ पासून होती.

येथे जाळ्यांच्या भौतिकीचा एक निष्कर्ष आठवतो. अल्बर्ट, जोंग आणि बाराबाशी यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवले की काही मोजक्या केंद्रांवर उभे असलेले जाळे सहज घडणारे अपघात आरामात पचवते, पण नेमके केंद्रच निकामी झाले की भराभर तुटते. चेन्नईचे कोयंबेडू हे असेच केंद्र. मे २०२० मध्ये करोनाचा संसर्ग तेथून पसरला, बाजार बंद करावा लागला आणि तिरुमळिसै येथे तात्पुरता बाजार मांडावा लागला. एवढ्या मोठ्या शहराच्या भाजीचा पुरवठा काही महिने एका मैदानावर अवलंबून होता. पण निव्वळ स्थानिक पुरवठाही तितकाच नाजूक असतो, हे लगेच सांगायला हवे. डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळाने चेन्नईबरोबर तिच्या उत्तरेकडचा हा सगळा पट्टाही पाण्याखाली घातला. त्या आठवड्यात दूरची भाजीच कामाला येते. चांगले जाळे ते, ज्यात दोन्ही धागे जिवंत आहेत. सध्या आपण एक धागा दरवर्षी जाड करीत आहोत आणि दुसरा विरू देत आहोत.

तो विरतो कसा, हे पाहायचे तर पाण्याकडे यावे लागते.

गुम्मिडिपूंडीच्या दक्षिणेस आरणी आणि कोसस्तलैयार या नद्यांचे खोरे आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मिंजूर आणि आसपासच्या विहीरक्षेत्रांतून चेन्नईसाठी आणि उत्तर चेन्नईच्या उद्योगांसाठी पाणी उपसले जाऊ लागले. किनाऱ्यालगतच्या भूजलाचा नियम साधा आणि निर्दय आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. त्यामुळे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी तोलले जाते. गायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने हा नियम शिकवतात. याचा उलट अर्थ भयंकर आहे. पातळी एक मीटरने उतरली की खालचे खारे पाणी, समतोल साधेपर्यंत, चाळीस मीटर वर चढू पाहते. मिंजूर भागात खारे पाणी किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत शिरले. पुढे २०१० साली त्याच परिसरात, काट्टुपळ्ळी येथे, समुद्राचे पाणी गोडे करणारा दिवसाला दहा कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. जेथे विहिरीतून गोडे पाणी फुकट मिळत होते, तेथे आता वीज जाळून मीठ वेगळे करावे लागते.

टंचाईच्या वर्षांत तर तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या विहिरी पाणीपुरवठा मंडळाने भाड्याने घेतल्या. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे जलाशय कोरडे पडले, जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही हे घडले. शेतकऱ्याच्या बाजूने पाहा : भाताच्या एका किलोसाठी, पाऊस आणि सिंचन मिळून, सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते. तेच पाणी नुसते टँकरला विकले तर कापणी नाही, मजूर नाही, बाजारभावाची चिंता नाही. मग त्याने भाजी का पिकवावी? आणि विहीर आटली की जमीन का ठेवावी? सिपकॉटची औद्योगिक वसाहत शेजारीच आहे. भूखंडाला गिऱ्हाईक तयार असते.

आपण मराठी वाचकांनी या गोष्टीकडे परक्या प्रांताची गोष्ट म्हणून पाहू नये. १९७६ च्या करारान्वये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी पाच टीएमसी पाणी चेन्नईसाठी सोडण्याचे मान्य केले. तेलुगू गंगा कालव्यातून हे पाणी १९९६ साली पहिल्यांदा तमिळनाडूत आले, तेही याच तिरुवळ्ळूर जिल्ह्यात, ऊत्तुकोट्टैजवळ. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या नदीचा हिस्सा येथवर आणायचा आणि येथल्या विहिरींचे पाणी उपसून खारे करायचे, असा हा विचित्र जमाखर्च आहे. २०२० साली गुम्मिडिपूंडी तालुक्यात कण्णनकोट्टै–तेर्वायकंडिगै येथे दोन जुने तलाव जोडून चेन्नईसाठी पाचवा जलाशय बांधण्यात आला. त्यासाठीही शेतजमीन गेली. शहराची तहान खरी आहे. जलाशय नको असे मी म्हणणार नाही. परंतु शेत हेसुद्धा पाणी साठवणारे आणि जिरवणारे क्षेत्र असते, हे या हिशेबात कुणी मांडत नाही. बांधबंदिस्तीच्या शेतात पडलेला पाऊस जमिनीत उतरतो. काँक्रीटवरचा गटारातून वाहून जातो आणि वाटेत कुणाचे तरी घर बुडवतो.

मुंबईच्या वाचकांना यात वसई दिसली असेल. तेथेही उपनगरी रेल्वेच्या शेवटाजवळची हिरवी पट्टी, तेथूनही पहाटेच्या गाडीने टोपल्यांतून दादरला जाणारी भाजी, केळी, फुले. तेथेही टँकरचा उपसा आणि बिल्डरांचा दाब. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीने या दोहोंविरुद्ध लढा दिला. तो लढा पर्यावरणाचा म्हणून ओळखला गेला, पण माझ्या मते तो मुंबईच्या ताटाचाही होता. मुंबईकरांना हे फारसे जाणवले नाही, कारण वसईची भाजी कमी झाली तशी नाशिकची वाढली आणि ताट भरलेलेच राहिले. दूरचा पुरवठा सुरळीत असण्याचा हा छुपा दोष आहे : जवळचे काय गेले ते कळतच नाही.

म्हणून मी जवळची भाजी घेते. तिच्यामुळे या पट्ट्यातील एखाद्या विहिरीला टँकरखेरीज दुसरे गिऱ्हाईक मिळते. माझ्या नळाला येणारे पाणी आणि त्या माठाला मिळालेले पाणी एकाच भूजलातून येते; तिचे नुकसान ते माझेही. नाशिकच्या कांद्याशी माझे असे नाते जुळू शकत नाही, त्याच्याविषयी मला कितीही माया असली तरी.

आता अडचणीचा भाग. जवळचे म्हणजे शुद्ध, असा एक गोड गैरसमज आहे. ज्या गावात पोलाद वितळवणारे आणि रसायने बनवणारे कारखाने आहेत, तेथे तो विशेष धोकादायक. पालेभाजी जमिनीतून शिसे आणि कॅडमियम उचलू शकते, आणि धुतल्याने पानात शिरलेला धातू निघत नाही. चव, रंग, वास यांवरून काही कळत नाही. येथे मोजमापाला पर्याय नाही. आपल्या विद्यापीठांत आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांत अब्जांश भागापर्यंत धातू मोजणारी उपकरणे आहेत. ती बहुधा शोधनिबंधांचे नमुने मोजतात. चेन्नईच्या उत्तरेकडील शंभर शेतांतील माती, पाणी आणि भाजी वर्षातून दोनदा मोजून ते आकडे तमिळमध्ये गावाच्या फलकावर लावणे, हे काही कुणाच्या आवाक्याबाहेरचे काम नाही. ज्या शेतात दोष निघेल त्याला दंड न करता पीक बदलायला मदत करावी लागेल, नाहीतर पुढच्या वेळी नमुना कुणी देणार नाही.

दुसरी अडचण पैशाची. शहरातील दुकानांत ‘स्थानिक’ आणि ‘सेंद्रिय’ ही लेबले लावून दुप्पट भावाने विकली जाणारी भाजी पाहून मला मौज वाटते. स्थानकाबाहेरची बाई तीच भाजी स्वस्तात विकते. तिच्याकडे लेबल नसते. येथील कारखान्यांत काम करणारे बिहार-ओडिशाचे मजूर तिच्याकडूनच घेतात. त्यांना बटाटाही लागतो, मोहरीचे तेलही लागते, आणि ते दुरूनच येणार. त्यांच्यापुढे स्थानिकतेचे प्रवचन झोडण्याचा अधिकार मला नाही.

विद्यार्थी मित्रांना मात्र एक काम सुचवते. आपल्या बाजारातील पालेभाजीची एक जुडी दुकानातून आणि एक थेट पिकवणाऱ्याकडून घ्या. साध्या स्वयंपाकघरातील काट्यावर दर दोन तासांनी वजन करा, शेजारी तापमान आणि आर्द्रता नोंदवा आणि वक्र काढा. मग शेजारच्या चार विहिरींच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजा. उपकरण हजारभर रुपयांत मिळते. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. गुम्मिडिपूंडीत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात येतो, महाराष्ट्रात त्याआधीच ओसरतो. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवता आले तर मला कळवा.